जुळणबिंदू

छोंगजू, ५ मे

प्रिय हाकचोल,

पाकिटावर तुझं नवं नाव घातलंय, जी-हुन. गॅरेजमधल्या कुणी उचललं तरी घाबरू नकोस, पाठवणाऱ्याच्या जागी मी फक्त गल्ली आणि घराचा आकडा लिहिलाय. आत मात्र जुन्याच नावाने हाक मारणार. माझ्या वयाच्या बाईला आता नवा भाऊ नको.

फोन करू नकोस म्हणालास, म्हणून लिहिते. तुझी बायको कधी फोन उचलेल याचा नेम नाही, हे मलाही पटतं. पण पत्र वाचणार नाही असं तू म्हणाला नाहीस.

बातमी अशी, की सोमवारपासून माझा सराव सुरू झाला. सीमेपलीकडे, हेसानच्या शाळेत नऊ वर्षं गणित शिकवलं, ते इथे कुणी धरत नाही. म्हणून पोरासोरांच्या बाकाला बाक लावून पुन्हा कॉलेज केलं, आणि आता शेवटच्या वर्षाला पाच आठवडे एका माध्यमिक शाळेत पाठ घ्यायचे आहेत. आम्ही चौघं छात्राध्यापक. बाकीची तिघं बावीस-तेवीसची. पहिल्या दिवशी दारावरच्या काकांनी त्या तिघांना आत सोडलं आणि मला म्हणाले, "पालकांनी इकडे बसायचं."

माझ्या मार्गदर्शक बान मॅडम माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत. बारीक चणीच्या, केस कानापर्यंत, बोलणं मोजकं. मला म्हणाल्या, "ह्वांग बाई, वयाची अडचण आपण दोघींनीही पाच आठवडे दाराबाहेर ठेवू." मी बरं म्हटलं. मनात म्हटलं, मी फळ्यावर खडू धरला तेव्हा ही शाळेत डबा सांडत असेल.

शुक्रवारी पहिला पाठ घेतला. आठवीचा वर्ग, पंचवीस मुलं. एकसामयिक समीकरणं आणि त्यांचे आलेख. पाठ चांगला झाला. पोरं मध्येच एकदा हसली, पण ते काही महत्त्वाचं नाही. कुठच्या तुम्ही, असं विचारलं तेव्हा तू पढवलं होतंस तसंच सांगितलं. गांगवॉनची, समुद्राकाठची. तुझा संसार जागच्या जागी आहे.

आज बालदिन. खालच्या बागेत सगळे बाप मुलांना खांद्यावर घेऊन फिरतायत. दा-ओनलाही कुठे नेलं असशील. चार वर्षांची पोर खांद्यावर जड लागते, मान सांभाळ.

तुझी ताई


छोंगजू, १० मे

हाकचोल,

पोरं हसली ते सांगायचंच राहिलं म्हणावं, तर ते खोटं होईल. सांगायचं नव्हतं. आता सांगते.

मी फळ्यावर दोन रेषा काढल्या. एक वर जाणारी, एक खाली येणारी. जिथे एकमेकींवरून गेल्या तिथे ठळक ठिपका दिला आणि सवयीने बोलून गेले, "आणि हा त्यांचा जुळणबिंदू."

आपल्याकडे दुसरा शब्द होता का कधी? तू-मी दोघंही तोच शिकलो. इथे छेदनबिंदू म्हणतात. मला ठाऊक होतं, टाचणात तसंच लिहिलंही होतं. पण जीभ आपली हेसानची.

दो-ग्योम नावाचा एक चोंबडा मुलगा आहे. तो म्हणाला, "बाई, म्हणजे त्या दोघींचं जुळलंय?"

वर्ग फुटला. "कधीपासून?" "घरी सांगितलं का?" "बाई, तिसरी रेषा आली तर भांडण!" मी छडीसाठी हात नेला तर तिथे छडी नव्हती, रिमोट होता. मग आपल्याकडे करायचो तेच केलं. आवाज चढवला आणि व्याख्या तीनदा म्हणायला लावली. त्यांनी म्हटली. मी विचारलं, समजलं? सगळे ओरडले, समजलं!

तासानंतर बान मॅडम मला रिकाम्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. मला वाटलं, शब्दावरून बोलणार. शब्दाचं नावही काढलं नाही.

"तुम्ही प्रश्न विचारलेत आणि उत्तरंही तुम्हीच दिलीत," म्हणाल्या. "या तासात कुठल्या मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं, एकाचं तरी सांगा."

"सगळ्यांना समजलं. तसं म्हणाले की."

"'समजलं' हे मुलांचं सौजन्य आहे, ह्वांग बाई. आपण लवकर गप्प व्हावं म्हणून दाखवलेलं."

मग म्हणाल्या, आठवडाभर पाठ घेऊ नका. कुणाही एका मुलाच्या शेजारी स्टूल टाकून बसा. शिकवायचं नाही, चूक दाखवायची नाही. फक्त बघायचं, आणि विचारावंसं वाटलं तर "हे कसं केलंस?" एवढंच.

"मी नऊ वर्षं शिकवलंय, मॅडम."

"माहीत आहे," म्हणाल्या. "म्हणूनच."

त्या दिवशी शाळेच्या जेवणात बटाट्याचं कालवण होतं. मी ताट तसंच परत केलं. हेसानच्या बटाट्यांवर वाढलेली मी, आणि बटाटा परत केला, हाकचोल! यावरून समज किती रागावले असेन.

रागाच्या भरात मी सगळ्यांत हुशार मुलगी निवडली, म्हणजे बघायला काही उरणारच नाही. हा-रिम नाव. संध्याकाळी दोन-दोन शिकवण्या, पेपरात पूर्ण गुण, पेन्सिलीला सदा टोक. खिडकीपासून दुसऱ्या रांगेत, तिसऱ्या बाकावर बसते. तीन दिवस तिच्या शेजारी बसले. समीकरणं अशी सोडवते, की मीसुद्धा मागे पडेन. चौथ्या दिवशी कंटाळून मीच विचारलं, "उत्तर क्ष बरोबर दोन, य बरोबर तीन आलं. ते आलेखावर कुठे आहे गं?"

तिने जराही न थांबता पहिल्या रेषेवर बोट ठेवलं. "हे दोन." मग दुसऱ्या रेषेवर. "आणि हे तीन."

मी चूक दाखवायची नव्हती. जीभ दाताखाली धरली. म्हटलं, "हे कसं केलंस?"

"दोन समीकरणं आहेत ना बाई. म्हणून दोन उत्तरं. पहिल्याचं पहिलं, दुसऱ्याचं दुसरं." आणि माझ्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं या बाईला कळू नये?

ही पोर सगळ्या पायऱ्या बरोबर लिहिते, उत्तर बरोबर आणते, आणि ते उत्तर कशाचं आहे हेच तिला माहीत नाही. दोन आणि तीन मिळून एकच जागा आहे, दोन्ही रेषांची मिळून एकच, हे तिला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असेल म्हण, पण तिच्यापर्यंत पोचलं नाही. आणि मग माझ्या मनात आलं, की हेसानला अशा किती हा-रिम माझ्यासमोर सुरात व्याख्या म्हणून उठून गेल्या असतील.

गणित मला येतं. वर्ग गप्प करणंही येतं. पण हे जे मधलं आहे ना, एखादी गोष्ट मुलाच्या डोक्यात शिरताना नेमकी कुठे वाकडी होते, ते मला येत नव्हतं. ते गणिताच्या पुस्तकात नाही आणि अध्यापनशास्त्राच्याही नाही. शेजारी स्टूल टाकल्याशिवाय ते दिसत नाही.

ते मला शिकायचंय. वय गेलं तर गेलं.

ताई


छोंगजू, १५ मे

हाकचोल,

आज शिक्षकदिन. फुलं-भेटी काही घ्यायच्या नाहीत असा कायदा आहे, म्हणून पोरांनी फळाभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. माझ्या नावाच्या चिठ्ठीवर "जुळणबाईंना शुभेच्छा" असं होतं. खाली दोन रेषा, त्यांना डोळे काढलेले.

तू विचारशील, की हसण्यावारी गेलं ना सगळं? नाही गेलं. गेल्या पत्रात लपवलं होतं.

त्या पाठानंतरच्या मंगळवारीच, तास सुरू होण्याआधी मी फळ्यावर तारीख लिहीत होते तेव्हा, दो-ग्योम हात वर करून उभा राहिला. आवाज अगदी गरीब. "बाई, मी घरी शोधलं. जुळणबिंदू उत्तर कोरियात म्हणतात. गांगवॉनमध्ये नाही म्हणत."

बान मॅडम मागे बसलेल्या. मला वेळ होता, हाकचोल. आजी तिकडची होती म्हणता आलं असतं. कुठल्या पुस्तकात वाचला म्हणता आलं असतं. पण मी खडू हातात घेऊन उभी होते, आणि त्याच हाताने मुलांना खरं-खोटं तपासायला शिकवायचं होतं. मी म्हटलं, "बरोबर शोधलंस. मी हेसानची आहे. तिथे गणितच शिकवत होते."

मला वाटलं, आता काय होईल कोण जाणे. झालं एवढंच, की हातच हात वर आले. "बाई, तिकडे पण पहिल्या तासाला गणित असतं?" "बाई, तिकडे नापास होतात?" "तिकडच्या पोरांना पण हे येत नाही का?" शेवटचा प्रश्न दो-ग्योमचा. मी म्हटलं, "तिकडच्या पोरांनाही हे येत नाही." तर वर्गाला इतका आनंद झाला, जणू सुट्टी मिळाली.

तुझं नाव मी घेतलं नाही. मला भाऊ आहे हेसुद्धा कुणाला सांगितलं नाही. तेवढं सांभाळलं.

आता दुसरी गोष्ट. सरावाच्या शेवटी एक खुला पाठ असतो. आसपासच्या शाळांतले शिक्षक येऊन मागे उभे राहतात, आणि पाठ झाल्यावर तो उसवून बघतात, टाका टाका. चौघांतून एकालाच घ्यायचा असतो. बान मॅडमनी माझं नाव दिलं.

दोन दिवसांनी हा-रिमच्या आईचा शाळेत फोन. माझ्या मुलीला पूर्ण गुण पडतात आणि तिकडून आलेली कुणी सराव करणारी बाई तिला सांगते की तुला समजलं नाही? पोरीने घरी काय सांगितलं देव जाणे. मी तिला असं म्हटलंच नव्हतं. पण आईला धग लागली ती लागली.

उपमुख्याध्यापकांनी बोलावलं. सज्जन माणूस आहे, मला स्वतः बार्लीचा चहा ओतून दिला. "ह्वांग बाई, तुमच्याच भल्यासाठी सांगतो. खुला पाठ त्या तरुण मुलाला देऊ. तुम्ही नेहमीचे पाठ घ्या. उगाच चर्चा कशाला?"

"सर, माझा पाठ वाईट झाला तर चर्चा होऊ द्या. मी कुठची आहे यावरून नको."

ते बान मॅडमकडे बघायला लागले. मला वाटलं, आता माझी बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "मी ह्वांग बाईंची बाजू घेणार नाही, सर. त्यांच्या पाठाची घेईन. मंगळवारपर्यंत टाचण बघते. चांगलं नसेल तर मीच नाव काढेन."

बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "खरंच काढेन हं."

मला ती बाई आवडायला लागली आहे.

ताई


छोंगजू, २२ मे

हाकचोल,

तुझा निरोप मोबाईलवर आला. इतक्या महिन्यांनी तुझं पहिलं अक्षर. "ताई, पाया पडतो. तो पाठ घेऊ नकोस. कुणी फोटो टाकेल, ये-वॉनचे बाबा बघतील, तुझा चेहरा आणि माझा एकच आहे."

खरं आहे. तेच नाक, तेच कपाळ. तुझ्या लग्नात मला वाटलं होतं, आता कुणीतरी म्हणेल. तू त्याच सासऱ्यांना सांगितलंस, "ह्या आमच्या जुन्या दुकानातल्या बाई," आणि मी वाकून नमस्कार केला. सगळ्यांत मागच्या टेबलावर बसून बरगड्यांचं सूप प्यायले. घरच्यांचा फोटो काढताना फोटोवाला ओरडत होता, नातेवाईक पुढे या, नातेवाईक पुढे या. मी कोट घालून बसस्टँडवर आले.

मी त्याबद्दल कधी बोलले नाही, आणि आजही भांडायला बोलत नाहीये. तू एकटा नदी ओलांडून आलास, मागून मला आणलंस. इथे तुला तिकडचा म्हणून कुणी कामाला ठेवत नव्हतं ते मी पाहिलंय. तुझी भीती खोटी नाही.

पण माझंही ऐक. तीन वर्षं मी हॉटेलात भांडी घासली. मालकीण चांगली होती, काम वाईट नव्हतं. तरी रोज वाटायचं, हे हात उसने दिलेत कुणाला. फळ्यासमोर उभी राहिले की ते परत मिळतात. एवढं एकच मला येतं, आणि आता कळतंय की तेही अर्धंच येत होतं. उरलेलं अर्धं मी शिकतेय. मध्येच सोडणार नाही.

म्हणून असं केलंय. माझा फोटो कुठेही छापू नका, वेबसाइटवर टाकू नका, असं शाळेला लेखी दिलंय. ते तुझ्यासाठी. पाठ घेणार आहे. तो माझ्यासाठी.

टाचण दोनदा परत आलं. पहिल्यात मी हा-रिमची चूक सुधारायला फळ्यावर रंगीत खडूंनी रेषा काढणार होते. बान मॅडम म्हणाल्या, "रेषा तर तिने शंभर वेळा पाहिल्यात. रंगीत पाहून काय होणार?" दुसऱ्यात दोन टॅक्सींचे दोन दर असा दाखला घेतला. तर म्हणाल्या, "यात पुन्हा दोन आकडे दोन ठिकाणी पडतात. अंतर आणि भाडं. तिची गाठ आणखी घट्ट होईल."

मी चिडून म्हटलं, "मग तुम्हीच सांगा."

"मला माहीत नाही," म्हणाल्या. मार्गदर्शक असून सरळ तोंडावर! "मीही हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी काही मुलं अशीच पुढे जातात. तुम्हाला ते दिसलं, मला दिसलं नव्हतं. म्हणून तर तुम्हाला पाठ दिलाय."

मी टाचण घेऊन परत वर्गाकडे आले.

शाळा सुटताना मुलं वर्ग झाडत होती. मी दारात उभी. बाकांच्या पाच रांगा, रांगेत पाच बाकं. हा-रिम आपल्या जागी वाकून बाकाखालचा कचरा काढत होती. खिडकीपासून दुसरी रांग, फळ्यापासून तिसरं बाक. दोन आणि तीन. हाकचोल, ती पोर स्वतःच दोन-तीन होती! इतके दिवस मी तिच्या शेजारी स्टूल टाकून त्याच जागी बसले होते.

मी पळत शिक्षकांच्या खोलीत गेले. तिसरं टाचण लगेच लिहायला घेतलं.

ताई


छोंगजू, ३१ मे

हाकचोल,

परवा पाठ झाला. आज सराव संपला. दोन्ही सांगते, मध्ये थांबू नकोस.

मागे पंधरावीस शिक्षक, हातात टाचणाच्या प्रती. मी मुलांना सांगितलं, आज फळ्यावर आलेख काढायचा नाही, आज तुम्हीच आलेख. खिडकीपासून तुमची रांग कितवी, तो तुमचा क्ष. फळ्यापासून बाक कितवं, तो तुमचा य. आधी प्रत्येकाने आपापलं नाव सांगितलं: एक-चार, पाच-दोन, तीन-तीन. मग म्हटलं, ज्याच्या बाकाचा आकडा रांगेच्या आकड्यापेक्षा एकाने जास्त, त्याने डावा हात वर करा आणि वरच ठेवा. तिरकी ओळ उठली. मुलं मागे वळून बघायला लागली, "अरे, सरळ रेष आली!" मग म्हटलं, ज्यांच्या दोन आकड्यांची बेरीज पाच, त्यांनी उजवा.

दुसरी तिरकी ओळ उठली. आणि मध्ये हा-रिम. एक हात आधीच वर होता. दुसरा अर्ध्यावर आणून ती थांबली. कुठला खाली करू, असा चेहरा.

"बाई, हिचे दोन्ही!" कुणीतरी ओरडलं.

दो-ग्योम कसला गप्प बसतोय. "हा-रिमचं दोघांशी जुळलं!"

हसू उसळलं. मागचे शिक्षकही हसले. हा-रिम कानापर्यंत लाल झाली, पण तिने हात खाली घेतले नाहीत. वर आपल्याच हातांकडे बघत राहिली. आपल्याकडे असते तर तीनदा व्याख्या झाली असती. इथे मी पाठीमागे हात बांधले आणि थांबले. वर्गात शांतता पडली की आधी मला ती भरायची घाई व्हायची.

मग ती हळू म्हणाली, "म्हणजे... दोन याचं आणि तीन त्याचं, असं नाहीये. मी एकटीच आहे. दोन-तीन मी एकटीच. आणि दोन्हीत आहे." आणि थोड्या वेळाने, जरा रागानेच, "मग मला हे आधी का नाही सांगितलं कुणी?"

मागे बान मॅडमनी मान खाली घातली होती. हसत होत्या की काय, दिसलं नाही.

इथे पत्र संपवलं असतं तर तुला वाटलं असतं, ताईने मैदान मारलं. ऐक पुढे. तास संपत आलेला. दो-ग्योम आपलं बाक सोडून दोन रांगांच्या मधल्या वाटेत येऊन उभा राहिला. "बाई, मी इथे उभा राहिलो तर?" मी म्हटलं, "जागेवर बस. वेळ कमी आहे." तो बसला. मी गृहपाठ दिला. टाळ्या झाल्या.

नंतरच्या बैठकीत बऱ्याच जणांनी कौतुक केलं. मग पलीकडच्या शाळेतले एक पिकल्या केसांचे सर उठले. अगदी सौम्य आवाज. "ह्वांग बाई, तुमच्या वर्गात चार मुलांनी डावे हात वर केले. ती रेषा होती का?"

मी म्हटलं, "हो. म्हणजे... चार बिंदू."

"चार ठिपके. मग रेषा कुठे गेली? तो मुलगा दोन ठिपक्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. तुमच्या वर्गात रेषा कुणाला दिसली असेल तर त्याला. त्याने तुम्हाला दाखवलीसुद्धा. तुम्ही त्याला खाली बसवलंत."

हेसानला असतं तर मी उठून माझ्या चुकांची यादी पाठ म्हटली असती, सगळ्यांनी तोंडं लांब केली असती आणि दुसऱ्या दिवशी सगळं तसंच सुरू राहिलं असतं. इथे मी एवढंच म्हणू शकले, "बरोबर आहे. मला ऐकू आलं होतं. मी ऐकलं नाही."

बाहेर पडल्या पडल्या बान मॅडमना गाठलं. "मला आणखी एक तास हवा."

"शुक्रवारचाच उरलाय. त्यात निरोप असतो. मुलं केक आणणारेत."

"केक दहा मिनिटांत खाऊन होतो."

त्या मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "तुम्ही मला पहिल्या दिवशी आवडला नव्हतात, सांगते." आणि तास दिला.

तर आज केकचं खोकं टेबलावर तसंच, आणि मी म्हटलं, "दो-ग्योम, परवा तू कुठे उभा होतास?"

तो बिचकला. वाटलं, रागावणार. मग वाटेत आला.

"तुझा आकडा काय?"

"मला आकडा नाहीये बाई. मी कुठल्याच रांगेत नाही."

"दोन आणि तीनच्या मध्ये काहीच नसतं?"

त्याने खिडकीकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. ओठ हलले. "अडीच," म्हणाला. "आणि... साडेतीन. एकाने जास्त! बाई, मी पण रेषेवर!" आणि डावा हात असा उडवला की शेजारच्याचा चष्मा पडला.

मग काय सांगू. "मी पण! मी पण!" बाकं सरकवली, पोरं मधल्या वाटांत घुसली, खांद्याला खांदा, कुणी कुणाच्या पायावर, फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत तिरकी माळ लागली. मी विचारत होते, "भरली का रेषा? अजून जागा आहे का?" आणि ती ओरडत होती, "आहे!" दोघांच्या मध्ये तिसरा, तिसऱ्याच्या मध्ये कुणाचा तळहात. शेवटी हा-रिमने दोन दंडांच्या फटीत आपली टोकदार पेन्सिल उभी घातली आणि म्हणाली, "इथे पण एक आहे. आणि हिच्या बाजूला पण असणार. हे संपणारच नाही."

केक चेंगरला. तसाच खाल्ला.

हा-रिमच्या आईचं काय झालं, मला माहीत नाही. पुन्हा फोन आला नाही एवढं खरं. बान मॅडमनी जाताना हात मिळवला. "नोव्हेंबरात नेमणुकीची परीक्षा आहे. जागा कमी, बसणारे फार. बसा." मी म्हटलं, "बसणारच आहे. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी. त्यापुढच्याही."

ताई


छोंगजू, ९ जून

हाकचोल,

काल फोनवर मी जे बोलले नाही ते लिहिते. फोनवर मी नुसती हं-हं करत होते, तुला वाटलं असेल लाइन खराब आहे.

तुझा नंबर पाहिला तेव्हा वाटलं, कुणीतरी आजारी आहे. मग म्हणालास, "सांगितलं मी तिला." एवढंच. पण ते वाक्य तू आपल्या बोलीत म्हणालास, वरच्या पट्टीत उचलून. सोलचं बोलणं तू इतकं छान घोटलंस, की मला वाटलं होतं आपली बोली तुझ्या तोंडून गेलीच.

मग ये-वॉनने फोन घेतला.

"वन्सं, मी बोलतेय."

मला हे नाव कुणी दिलं नव्हतं. तिला उत्तर नकोच होतं, तिला बोलायचं होतं. "माझा राग तुमच्यावर नाही, ह्यांच्यावर आहे. समुद्राकाठचे म्हणे! पाच वर्षं झाली, ह्यांना माकूल मासा साफ करता येत नाही, आणि झोपेत बटाटे मागतात. मला काय कळत नव्हतं? मी वाट बघत होते, हे कधी तोंड उघडतात याची. पण वन्सं, बहीण आहे हे नव्हतं माहीत. लग्नात मागच्या टेबलावर एक बाई रडत होत्या. मी आईला म्हटलंसुद्धा, ह्या कोण एवढ्या रडतायत? आपल्याकडून कुणी त्यांना जेवायला तरी विचारलं का?"

मी रडले नव्हते, असं मला अजूनही वाटतं. पण तिने पाहिलं म्हणते, तर असेन.

सासऱ्यांना तुम्ही दोघं कधी, कसं सांगायचं ते ठरवा. त्यात मी पडणार नाही. राग धरतील, थोडे दिवस जातील. ये-वॉन बघून घेईल, तिचा आवाज ऐकूनच मला कळलं.

रविवारी तुम्ही येताय तर लवकरची बस धरा. माझ्या खोलीत चौघं मावणार नाहीत, पण खालची बाग आहे. मी बटाट्याचे उंडे उकडून ठेवते. ये-वॉनला आवडले नाहीत तर तिने तसं सांगावं, मनात ठेवू नये.

आणि दा-ओन. तिच्या हातात फोन दिलास तेव्हा तिने आधी नुसता श्वास ऐकवला. मग विचारलं, "आत्या, तू काय शिकवतेस?" मी म्हटलं, गणित. म्हणाली, "मला वीसपर्यंत येतं." मी म्हटलं, म्हण बघू. तिने म्हटले. बारानंतर एकदम चौदा म्हणाली, आणि पुढे नीट वीसला पोचली. तू मागून ओरडलास, "तेरा राहिले, तेरा!"

तू पुन्हा मध्ये बोलू नकोस. मी टोकलं नाही. ती पोर बारावरून चौदावर का उडी मारते, ते मला रविवारी तिच्या शेजारी बसून बघायचंय.

तुझी ताई